एसी बंद करू नका, वेग कमी करा

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी इलेक्ट्रिक कार घेतली. शहरातल्या रोजच्या धावपळीला ती उत्तम आहे. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच तिने लांब गेलो आणि परत येताना सगळं बिनसलं. ज्या चार्जरच्या भरवशावर निघालो होतो, तो बंद होता. नवरा म्हणाला, "पोचतो आपण, काळजी करू नकोस." शेवटचे चाळीस किलोमीटर एसी बंद, बाहेर रणरणतं ऊन, मागच्या सीटवर घामाने निथळणारे सासरे आणि रडवेली झालेली मुलगी. माझी नजर टक्क्यांच्या आकड्यावरून हलत नव्हती. घरी पोचलो तेव्हा ६ टक्के उरले होते. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

आता नणंदेकडे जायचंय, ५५० किलोमीटर. सासरे ७४ वर्षांचे आहेत, दर दोन तासांनी त्यांना उतरून पाय मोकळे करावे लागतात. ते म्हणतात, "धाकट्याची पेट्रोलची गाडी घ्या, नाहीतर मी येत नाही." नवऱ्याचं म्हणणं, आपलीच गाडी न्यायची आणि पहिले अडीचशे किलोमीटर एका दमात काढायचे. बॅटरी ५० युनिटची आहे. कंपनीने रेंज ४५० सांगितली होती, हायवेवर जेमतेम २९० मिळते. गाडीत काही बिघाड आहे का? आणि गाडी न्यावी की नको?

उत्तर : गाडी न्या. बिघाड काही नाही. पण मागच्या वेळी गेलात तसं मात्र जाऊ नका.

तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त खुपली ती एसीची गोष्ट. तो त्रास तुम्ही चौघांनी विनाकारण सोसला. एकदा आतली हवा थंड झाली की गाडीचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. शेवटचे चाळीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास धरू. म्हणजे एसी बंद करून वाचलं अर्धं-पाऊण युनिट, ५० युनिटच्या बॅटरीतला एक-दीड टक्का. एसी चालू ठेवून वेग १०० वरून ८० वर आणला असता, तर त्याच चाळीस किलोमीटरमध्ये अंदाजे तीन टक्के वाचले असते आणि पोचायला सहा मिनिटं जास्त लागली असती. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० चे ८० केले की तो एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. बॅटरी कमी पडतेय असं वाटलं की सगळ्यात आधी हात जातो तो एसीच्या बटणाकडे, खरं तर आधी पाय सैल करायला हवा. हे सासऱ्यांनाही सांगा. उकाड्यात बसावं लागणं हे या गाडीच्या नशिबी लिहिलेलं आहे, असा त्यांचा समज झाला असेल तर तो काढायला हवा.

आता ४५० आणि २९० चं. कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. अनेक देशांत वापरली जाणारी डब्ल्यूएलटीपी चाचणी घ्या. ती ३० मिनिटांची असते, तापमान २३ अंश, एसी बंद, आणि सरासरी वेग ताशी साधारण ४६ किलोमीटर. हायवेवर चार माणसं, सामान आणि एसी घेऊन १०० ने जाणाऱ्या गाडीचा त्या आकड्याशी फारसा संबंध उरत नाही. पेट्रोलची गाडी शहरातल्यापेक्षा हायवेवर बरं ॲव्हरेज देते, इलेक्ट्रिकचं नेमकं उलटं. शहरात ब्रेक लावताना ती थोडी वीज परत मिळवते आणि वेगही कमी असतो. त्यामुळे शहरातला अनुभव धरून हायवेचा हिशेब केला की फसगत ठरलेलीच. तुम्हाला २९० मिळतात, म्हणजे १०० किलोमीटरला साधारण १७ युनिट. हाच तुमच्या गाडीचा खरा आकडा. डॅशबोर्डवर दिसणारे उरलेले किलोमीटर आतापर्यंत तुम्ही जशी गाडी चालवली त्यावरून काढलेले असतात, पुढचा चढ किंवा समोरचा वारा त्यात बहुतेक वेळा धरलेला नसतो. प्रवासात टक्के बघा आणि दर १०० किलोमीटरला किती युनिट जातात ते बघा.

या १७ वर तुमच्या प्रवासाचा हिशेब मांडू. ५५० किलोमीटरला लागणार साडेत्र्याण्णव युनिट. घरून निघताना ५० भरलेले. पोचताना २० टक्के, म्हणजे १० युनिट शिल्लक हवेत. मग वाटेत भरायचे साडेत्रेपन्न. फास्ट चार्जरवर तुमची गाडी सरासरी ४५ किलोवॅटने, म्हणजे तासाला ४५ युनिट, वीज घेते असं धरलं, तर सगळ्या थांब्यांचं मिळून चार्जिंग होतं सव्वा तासाच्या आत.

नवऱ्याच्या योजनेने जाऊ. पहिले २५० किलोमीटर एका दमात, म्हणजे पहिल्या चार्जरवर पोचताना १५ टक्के. तिथे पाऊण तास थांबून ८० पर्यंत भरायचं, मग १९० किलोमीटर जाऊन पुन्हा १५ वर यायचं, मग परत अर्धा तास. एकूण चार्जिंग ७१ मिनिटं आणि दोनदा जीव मुठीत. सासरे सलग अडीच-तीन तास गाडीत, ते वेगळंच.

आता सासऱ्यांच्या सवडीने जाऊ. पहिला थांबा १५० किलोमीटरवर. तिथे ४९ टक्के असतील, वीस मिनिटांत ८० च्या जवळ जाईल. दुसरा ३०० वर. तिथे २८ टक्के, अर्ध्या तासाच्या थोडं वर थांबलात की पुन्हा ८० च्या आसपास. तिसरा ४३० वर. तिथे ३४ टक्के, अठरा मिनिटांत ६१. आणि नणंदेच्या दारात २० टक्के शिल्लक. एकूण चार्जिंग? तेच, ७१ मिनिटं. भरायची वीज तेवढीच आहे, तिचे दोन भाग करा की तीन. एका जास्तीच्या थांब्याला रस्ता सोडून आत जाण्या-येण्याची पाच-दहा मिनिटं लागतील, बस. पण वाटेतल्या कुठल्याही चार्जरवर पोचताना आकडा २८ च्या खाली नसतो.

हा कागद नवऱ्यासमोर ठेवा. सासऱ्यांना दर दोन तासांनी उतरावं लागतं, ही या प्रवासातली अडचण नाहीच. या गाडीला जे वेळापत्रक मानवतं तेच त्यांच्या गुडघ्यांना मानवतंय. आणि सलग दोन तासांनंतर चालवणाऱ्यानेही उतरावं, मग गाडी कुठलीही असो.

वरच्या हिशेबात वाटेत कुठेच ८० च्या पुढे भरलेलं नाही, ते का तेही सांगतो. फास्ट चार्जरवर बॅटरी साधारण १० पासून ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते. त्यापुढे सेलवर ताण येऊ नये म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करत नेते, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येकदा आधीच्या सत्तरइतकाच वेळ लागतो. तो वेळ चार्जरपाशी घालवण्यापेक्षा पुढच्या थांब्याकडे निघालेलं बरं. अपवाद एकच : पुढचा टप्पा मोठा असेल आणि मध्ये काहीच नसेल, तर ९० किंवा १०० पर्यंत थांबावं. घरून निघताना मात्र १०० भराच. पूर्ण भरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच उभी ठेवणं वाईट, पहाटे भरून सकाळी निघण्यात काही बिघडत नाही. आणि निघायच्या दहा मिनिटं आधी, चार्जिंगची वायर लावलेली असतानाच एसी चालू करा. गरम गाडी थंड करताना एसी सुरुवातीला बरीच जास्त वीज ओढतो, ती घरच्या लाइनमधून जाऊ दे.

चार्जरवर '१२० किलोवॅट' लिहिलंय म्हणून तुम्हाला १२० मिळतील असं नाही. गाडीची क्षमता आणि चार्जरची क्षमता, यातली जी कमी ती मिळते. शिवाय पुष्कळ यंत्रांना दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या केबलची दोन तोंडं, असतात, आणि शेजारी दुसरी गाडी लागली की वीज दोघांत वाटली जाते. ६० चे ३० होतात आणि ४५ ने वीस मिनिटांत होणाऱ्या थांब्याला तीस लागतात. शेजारची गन रिकामी असलेलं यंत्र मिळत असेल तर तिकडे लावा.

मागच्या वेळी तुमचा खरा घात केला तो एकाच चार्जरवर टाकलेल्या भिस्तीने. बंद पडलेलं यंत्र, गेलेली वीज, पुढे उभी असलेली आधीची गाडी, हे सगळं होतच राहणार. म्हणून प्रत्येक थांब्याला दोन नावं लिहून ठेवा : जिथे जायचंय तो, आणि तो बंद निघाला तर गाठायचा दुसरा. दोन्ही एकाच आवारात असतील तर तो पर्याय नव्हे, वीज गेली की दोन्ही जातात. नियम सोपा आहे. पहिल्या चार्जरवर पोचताना तुमच्याकडे दुसऱ्यापर्यंत जाऊन वर दहा टक्के उरतील एवढी वीज हवी. वरच्या तीन थांब्यांच्या हिशेबात ती आहे. नवऱ्याच्या योजनेत, पंधरा टक्क्यांवर, नाही.

चार्जर निवडताना एकच गन असलेल्या जागेपेक्षा चार गन असलेली जागा धरा, मग ती दोन किलोमीटर आत का असेना. प्लगशेअरसारख्या ॲपवर आधी येऊन गेलेले लोक यंत्र चाललं की नाही ते लिहून जातात. नकाशावर हिरवा ठिपका दिसतोय म्हणून खूश होऊ नका, त्या नोंदींची तारीख बघा. काल-परवा कोणी तिथे यशस्वी चार्जिंग केलं असेल तर ठीक. चार महिन्यांत नोंदच नसेल तर ती जागा सोडा. अ बेटर रूटप्लॅनर नावाचं ॲप गाडीचं मॉडेल, वेग आणि चढ-उतार धरून थांबे काढून देतं, सुरुवात त्याने करा आणि मग प्रत्येक थांबा स्वतः तपासा. ज्या-ज्या कंपन्यांचे चार्जर वाटेत आहेत त्यांची ॲप घरूनच उतरवून, नोंदणी करून, पैसे भरून ठेवा. उन्हात उभं राहून, नेटवर्क नसताना ओटीपीची वाट बघण्याइतकं चिडचिडं काम दुसरं नाही.

चार्जरवर पोचल्यावर काय करायचं, हे तुम्हालाही यायला हवं. तुमच्या पत्रावरून वाटतं की मागच्या वेळी ते फक्त नवऱ्याला येत होतं. गाडी पार्कमध्ये टाका. गन उचलताना दोन्ही हात लावा, फास्ट चार्जरची केबल जाड आणि जड असते. गन सॉकेटमध्ये सरळ दाबून बसवा आणि ॲपवर 'स्टार्ट' केल्यावर पहिली काही सेकंदं हाताने खालून आधार देऊन धरून ठेवा. त्या वेळात गाडी आणि यंत्र यांचं आपसात बोलणं चालू असतं. केबलच्या वजनाने गन जराशी खाली झुकली तरी ते तुटतं आणि पडद्यावर एरर येतो. 'टक्' असा लॉकचा आवाज आला आणि युनिट मोजायला लागले की हात काढा. एरर आलाच तर गन काढा, गाडी लॉक करून पुन्हा उघडा, एक मिनिट थांबा, परत लावा. दुसऱ्या खेपेला बहुतेकदा होतं. यंत्र पूर्ण मेल्यासारखं वाटलं तर त्याच्यावरचं लाल गोल आपत्कालीन बटण बघा. कोणीतरी दाबून गेलेलं असतं आणि फिरवलं की ते वर येतं. मात्र जळका वास, धूर किंवा यंत्रात शिरलेलं पाणी दिसलं तर कशालाच हात लावू नका, हेल्पलाइनला फोन करा आणि दुसऱ्या चार्जरकडे निघा. तीन प्रयत्नांत जमलं नाही तरी निघाच. तिथे पाऊण तास झगडत बसण्यात लोकांचा दिवस जातो.

आणि गन निघत नसेल तर ओढू नका. गाडी अनलॉक केल्याशिवाय ती सुटत नाही. तरीही अडकली तर अनेक गाड्यांत ती हाताने सोडवायची दोरी किंवा खटका असतो. तो तुमच्या गाडीत कुठे आहे, ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

वेगावरून वाद होईलच, तेव्हा त्याचंही गणित देतो. २०० किलोमीटर १०० ने जायला दोन तास, १२० ने गेलात तर एक तास चाळीस मिनिटं. वाचली वीस मिनिटं. पण १२० ला खप १७ वरून अंदाजे २२ युनिटवर जातो, म्हणजे २०० किलोमीटरला दहा युनिट जास्त, आणि ती परत भरायला तुमच्या चार्जरवर तेरा मिनिटं. हाती उरली सात मिनिटं, आणि त्यापायी पुढचा चार्जर गाठेल की नाही ही धाकधूक विकत घेतलेली. गाडी आणि चार्जर दोन्ही खूप वेगवान असतील तर हे गणित बदलतं. तुमचं तसं नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात असू द्या. टपावर कॅरिअर लावू नका, सामान आत बसवा, टपावरचा बोजा वाऱ्याला अडवतो आणि रेंज चांगलीच खातो. कडाक्याच्या थंडीत बॅटरी सुस्त होते आणि हीटर एसीपेक्षा कितीतरी जास्त वीज घेतो. तेव्हा १७ ऐवजी २२-२३ धरा, आणि सीट गरम करायची सोय असेल तर आधी ती वापरा. वाटेत मोठा घाट असेल तर प्रत्येक १००० मीटर उंचीला, माणसांसकट दोन टनांच्या गाडीला, साधारण साडेपाच-सहा युनिट वेगळे धरा. उतारावर त्यातले बरेच परत मिळतात, पण त्यासाठी बॅटरीत जागा हवी. घाटमाथ्यावर १०० टक्के भरून उतरायला लागलात तर गाडी ती वीज घेऊच शकत नाही. आणि ट्रॅफिकमध्ये अडकण्याची भीती मनातून काढा. उभी गाडी फक्त एसीपुरती वीज खाते, तासाला दोन-तीन टक्के.

आता घरातलं. त्या दिवशी चार्जर बंद दिसल्यावर पुढे काय करायचं हे चालत्या गाडीत ठरलं, आणि ठरवलं ते चालवणाऱ्याने. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला नेहमी वाटतं, पोचू. त्यात नवऱ्याचा दोष मी फार धरत नाही, पण असे निर्णय निघायच्या आधी घ्यायचे असतात. दोघांनी बसून कागदावर लिहा : २० टक्के ही आपली रेघ. पुढचा चार्जर गाठताना त्याखाली जाणार असं दिसलं, तर जवळ असेल त्या चार्जरला वळायचं, मग तो हळू असो की महाग. तिथे 'बघू' नाही. आकड्यावर लक्ष ठेवणारा माणूस चालवणाऱ्याहून वेगळा असू द्या, आणि त्याने दर पन्नास किलोमीटरला एकदाच बघावं : ठरवल्यापेक्षा पुढे आहोत की मागे. मागे असलो तर वेग दहाने कमी. मागच्या वेळी तुम्ही सतत बघत होतात, पण तुमच्या बघण्याला काही अधिकार नव्हता. माणूस त्यानेच थकतो.

सासऱ्यांशी नवऱ्याने स्वतः बोलावं, तुम्ही नाही. त्यांच्या जिवाला त्रास झाला आणि तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही, हे त्याने सरळ कबूल करावं. मग तीन थांब्यांचा कागद दाखवून, कुठे उतरायला बरं पडेल ते त्यांनाच विचारावं. स्वच्छ बाथरूम आणि सावलीत बसायची जागा असलेला चार्जर ही त्यांची अट असेल, तर ती चार्जरच्या किलोवॅटपेक्षा वरची धरा. पेट्रोलच्या गाडीला असले सायास नसतात असं ते म्हणाले, तर बेर्था बेन्झ यांची हकिकत सांगा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, सुमारे शंभर किलोमीटर. मोटारीने केलेला तो पहिला लांबचा प्रवास. पेट्रोल पंप तेव्हा जगात नव्हताच. वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतलं आणि जिथे मिळेल तिथून इंजिनसाठी पाणी भरलं. इंधनाच्या जागा आधी हेराव्या लागणं नव्या गाडीच्या वाट्याला येतंच, आणि तेव्हापेक्षा आज त्या हेरणं कितीतरी सोपं आहे.

पण धाकट्या दिरांची गाडी कधी घ्यावी, तेही स्पष्ट सांगतो. तुमच्या वाटेवर दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात एकच चार्जर असेल आणि त्याच्या नोंदी वाईट असतील. सासऱ्यांची तब्येत त्या दिवशी बरी नसेल. किंवा ठरलेल्या मिनिटाला पोचायलाच हवं असेल. यातलं एकही असेल तर बिनदिक्कत पेट्रोलची गाडी न्या. नवऱ्याने त्याला आपली हार समजू नये.

निघायच्या आधीच्या आठवड्यात फक्त तुम्ही दोघं एक फेरी मारून या. शंभर-सव्वाशे किलोमीटर जा, गरज नसली तरी सार्वजनिक चार्जरवर गाडी लावा, आणि गन तुम्ही हाताळा. १०० किलोमीटरला किती युनिट जातात ते लिहून घ्या. ते १७ ऐवजी १९ निघाले तर वरचा सगळा हिशेब १९ ने पुन्हा मांडा.

आणि नणंदेला फोन करून विचारा की त्यांच्याकडे गाडी उभी राहते तिथपर्यंत १५ किंवा १६ अँपिअरचं पॉइंट येतं का. गाडीबरोबर मिळालेल्या पोर्टेबल चार्जरने तासाला दोन-तीन युनिट भरतात, म्हणजे दोन रात्रींत बॅटरी जवळपास पूर्ण, आणि परतीच्या दिवशी तुम्ही १०० वर निघाल. अर्थिंग नीट आहे ना, हे एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्यायला सांगा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात लावू नका, तासन्‌तास तेवढा भार ओढताना साधी वायर तापते. पहिल्या अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल तर तिथलं चार्जिंग बंद करा आणि परतीच्या वाटेवरचा पहिला थांबा जवळचा धरा.